कामगाराचं घर महाग का झालं?

(गिरणी व यंत्रमाग कामगारांच्या सभेत केलेलं भाषण)



मी विद्वान नाही. चौथीपर्यंत शिकलो आणि पोटासाठी गिरणीत शिरलो. जे काही ठाऊक आहे ते मागावर उभं राहून आणि युनियनच्या कचेरीत जुने कागद वाचून. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

मागच्या सभेत कांड्या भरणाऱ्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "बाबा रे, कापड जास्त निघालं की भाव पडतो, आणि मालक लगेच पाळी बंद करतो. मग ह्या एवढ्या इमारती उठताहेत, घराचा भाव का पडत नाही? आणि माझ्या पोराला लग्नानंतर निजायला एक खोली का मिळत नाही?"

सभेत हशा पिकला. पण मंडळी, प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. महिनाभर विचारत फिरलो, वाचत बसलो. आज जमेल तसं उत्तर देतो.

घराचा भाव उसवून बघा

कापडाचा भाव कसा ठरतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सूत किती, मजुरी किती, वीज किती, रंगाई किती, अडत्याची दलाली किती आणि मालकाचा नफा किती. घराचंही तसंच आहे. सिमेंट, लोखंड, विटा, वाळू. गवंड्याची आणि बिगाऱ्याची मजुरी. नगरपालिकेत भरायचे पैसे. कर्जाचं व्याज. सरकारची स्टँप ड्यूटी. बांधणाऱ्याचा नफा. आणि ह्या सगळ्याच्या खाली जमीन.

आता फरक बघा. सूत कमी पडलं तर चात्या वाढवता येतात. कापड कमी पडलं तर तिसरी पाळी लावता येते. जमिनीला तिसरी पाळी लागत नाही. जेवढी आहे तेवढीच. ज्याच्या नावावर ती आहे तो नुसता बसून राहिला तरी त्याचा भाव वाढतो. आपण रस्ता केला, पाणी आणलं, गिरणी चालवली, वस्ती वसवली, म्हणून तो भाव वाढला. पण वाढ जमा झाली त्याच्या खात्यात.

सिमेंटचं पोतं मुंबईत आणि सोलापुरात जवळजवळ त्याच भावाचं. गवंड्याची मजुरी थोडी इकडे तिकडे. मग मुंबईची खोली आपल्याकडच्या खोलीच्या कितीतरी पट का? तिथली वाळू काय सोन्याची आहे? भिंतीचा भाव दोन्हीकडे सारखाच आहे. फरक मातीच्या भावात आहे.

हा मातीचा खेळ समजून घ्यायचा तर मुंबईकडे बघावं लागतं. तिथं तो दीडशे वर्षं चालला, आणि इथं बसलेल्या कितीतरी जणांचे बाप-आजे तिथं राबले.

मुंबईत काय झालं

१८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी निघाली. मग गिरण्यांवर गिरण्या उठल्या. कोकणातून, घाटावरून माणूस आला. भोंगा वाजला की हजर पाहिजे, म्हणून त्याला गिरणीच्या जवळ राहायचं होतं. पण त्याला घर देण्याची जबाबदारी बहुतेक मालकांनी घेतलीच नाही. जागा असणाऱ्यांनी चाळी उठवल्या आणि भाडं घेतलं.

माझे आजोबा लालबागला ज्या खोलीत राहिले ती दहा बाय बाराची. तीत सतरा गडी. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा होई. खोली कधी रिकामी नसे आणि अंथरूण कधी गार नसे. आजोबा हे हसत सांगायचे. आजी मात्र हसत नसे. लग्नानंतर अकरा वर्षं ती गावीच राहिली. का, तर तिच्यासाठी मुंबईत जागा नव्हती.

१८९६ साली प्लेग आला. सरकार घाबरलं, कारण रोग गरिबाच्या खोलीतून साहेबाच्या बंगल्यापर्यंत जातो. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्यानं अंधाऱ्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, काही चाळीही बांधल्या. पण पहिल्या वीस वर्षांत जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत. हवा आली आणि माणूस बाहेर गेला.

मग १९२० साली डेव्हलपमेंट खातं निघालं. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधू म्हणाले. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर बसवला. शेवटी उभ्या राहिल्या २०७ चाळी: वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून. खोल्या सुमारे १६ हजार. ५० हजारांच्या बाता आणि हातात एक तृतीयांश!

पण खरी गंमत पुढंच आहे. त्या १६ हजारांतल्याही कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडल्या. कामगार दाटीत गुदमरत होता आणि सरकारी खोल्यांना कुलूप होतं. का? भाडं परवडेना, आणि वरळी त्या वेळी कामापासून लांब. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या काही चाळींचा सरकारनं तुरुंग केला. ज्या खोल्यांत कामगार भाडं देऊन राहू शकला नाही, तिथं सत्याग्रही फुकट राहिले! मावशींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. नुसत्या खोल्या उठून भागत नाही. त्या आपल्या पगाराला पेलणाऱ्या आणि आपल्या कामाच्या जवळ पाहिजेत.

एक कडू गोष्ट

आता जे बोलणार आहे ते आपल्यातल्या काहींना आवडणार नाही. पण घरातल्या माणसांत बोलायचं नाही तर कुठं बोलायचं?

लढाईच्या काळात भाडी भडकली, म्हणून भाडेनियंत्रण आलं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडं बांधून टाकलं. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं, तेच प्रमाण. हा कायदा नसता तर आपली माणसं गिरणगावातून केव्हाच हुसकली गेली असती. म्हणून त्याला मी वाईट म्हणणार नाही.

पण वर्षं गेली, सिमेंट वाढलं, मजुरी वाढली, आणि भाडं तिथंच राहिलं. मालकानं हिशेब केला. चाळ बांधून भाड्यानं देण्यात काय मिळतं? काही नाही. तेव्हा त्यानं भाड्यासाठी बांधणं सोडलं आणि असलेल्या चाळीची डागडुजीही सोडली. जिने कुजले, गच्च्या गळू लागल्या. १९६९ साली सरकारला दुरुस्तीचा कायदा करून मंडळ उभारावं लागलं, तेव्हा त्यात १९,६४२ जुन्या इमारती आल्या. आणि नव्या माणसाचं काय? त्याला पावती मिळेना. त्याच्याकडं पागडी मागू लागले, काळ्या पैशाची. जो आत होता त्याला कवच मिळालं. जो बाहेर होता त्याला कुंपण.

कायदा करून भाडं बांधलं, त्याच हातानं सरकारनं भाड्याच्या खोल्या बांधायला हव्या होत्या. मालक माघार घेतो तिथं सरकारनं पाऊल पुढं टाकायला हवं होतं. सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. १९४८ च्या कायद्यानं गृहनिर्माण मंडळ झालं, १९५२ साली औद्योगिक कामगारांच्या घरांना मदतीची योजना आली, वसाहती उठल्या. पण माणसं रेल्वेनं येत होती आणि खोल्या बैलगाडीनं. १९९९ च्या नव्या कायद्यात दरसाल ४ टक्के भाडेवाढीची सोय झाली, तोवर भाड्याची चाळ बांधण्याचा धंदा मुंबईत मेला होता. आज गरिबाला दोनच वाटा उरल्या: कर्ज काढून विकत घे, नाहीतर झोपडीत जा. २०११ च्या शिरगणतीत बृहन्मुंबईच्या १ कोटी २४ लाख लोकांतले ५२ लाख झोपडपट्टीत राहत होते. ही माणसं आळशी आहेत काय? अहो, ते शहर त्यांच्याच हातांवर चालतं.

जमीन अडवली कुणी

१९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मुंबईत कुणाजवळ ५०० चौरस मीटरच्या वर मोकळी जमीन नको, जादा असेल ती सरकारला. ऐकून आपण टाळ्या वाजवल्या. पण कायद्यातच सुटीची खिडकी होती. कुणी त्या खिडकीतून गेलं, कुणी कोर्टात गेलं. जमीन ना सरकारच्या हातात आली, ना बाजारात. ती नुसती अडकून पडली आणि मोकळ्या जमिनीचा भाव आणखी चढला. २००७ साली महाराष्ट्रानं तो कायदा मागं घेतला. मग तरी घर स्वस्त झालं का? ज्याची जमीन सुटली त्यानं ती आपल्यासाठी थोडीच सोडली!

दुसरी गोष्ट मजल्यांची. जमिनीच्या किती पट बांधकाम करायचं याचा एक आकडा असतो, त्याला चटईक्षेत्र म्हणतात. १९९१ च्या नियमांत तो मुंबई शहरात १.३३ आणि उपनगरांत १ होता. म्हणजे हजार फूट जमिनीवर सगळे मजले मिळून तेराशे तीस फूट. नळाला पाणी किती, गटार किती, गाडीत जागा किती, हे बघूनच असा आकडा ठरवला पाहिजे हे मला मान्य आहे. पण आकडा आखडला की त्याच जमिनीवर घरं कमी आणि दर घरावर मातीचा बोजा जास्त. पुढं जादा फूट पैसे भरून विकत मिळू लागले. ते पैसे बिल्डर पदरचे देतो का? ते तुमच्या माझ्या घराच्या किमतीत मिसळतात. परवानगीला वर्ष लागलं तर वर्षाचं व्याजही त्यातच.

मग आकडा वाढवला की झालं, असं कुणी म्हणेल. थांबा. आकडा वाढला की दुसऱ्या दिवशी जमिनीचा भाव वाढतो, कारण आता तिच्यावर जास्त घरं उठणार. वाढीतला वाटा आधीच बांधून घेतला नाही, तर सगळी मलई जमीनवाल्याच्या ताटात.

गिरण्यांची जमीन

वाटा बांधून घेणं म्हणजे काय, ते गिरण्यांच्या जमिनीवरून कळतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांत होते, साच्यावर होते. दीड वर्ष त्यांनी कळ काढली. शेवटी घरातली भांडी संपली, तेव्हा आजोबांची ती दहा बाय बाराची खोली पागडीवर दिली आणि कुटुंब इकडं आलं. पैसे वर्षभरही पुरले नाहीत.

मुंबईत ५८ गिरण्या होत्या, जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमानं ठरलं की गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिची तीन हिश्शांत वाटणी. एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली त्यात बदल केला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची, शेड पाडून मोकळी होणारी जागा हिशेबात नाही. अहो, गिरणी म्हणजे शेडच की! २००५ साली हायकोर्टानं ह्या बदलाविरुद्ध निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. लेखणीच्या एका फटकाऱ्यानं घरांखालची जमीन गेली.

आता हिशेब करू. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या एका गिरणीची सुमारे १७ एकर जमीन लिलावात ७०२ कोटींना गेली. एकराला ४१ कोटी. एकरात ४३,५६० चौरस फूट. म्हणजे मातीचा फूट नऊ हजारांच्या वर. १.३३ नं भागा, तर बांधलेल्या फुटावर नुसता जमिनीचा बोजा सात हजारांच्या आसपास. सव्वादोनशे फुटांच्या एका खोलीवर जवळजवळ सोळा लाख! अजून एक वीट लागली नाही. गवंड्यानं थापी हातात घेतली नाही.

आणि आता दुसरी बाजू. म्हाडाच्या वाट्याला जी थोडी गिरण्यांची जमीन आली तिच्यावर घरं उठली. २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत निघाली. घर सव्वादोनशे फुटांचंच, आणि कामगाराला किंमत साडेसात लाख. तेच शहर, तोच गिरणगाव, तेच सिमेंट. मग ते घर साडेसात लाखांत कसं बसलं? त्याच्याखालची जमीन विकत घ्यावी लागली नव्हती म्हणून. माझं सगळं भाषण विसरलात तरी चालेल, हे एक लक्षात ठेवा.

दुःख एवढंच की अशी जमीन फार थोडी मिळाली. २०१२ ते २०२० मध्ये चार सोडती झाल्या. घरं मिळून सुमारे १५ हजार ८००. अर्ज सुमारे पावणेदोन लाख. माझ्या वडिलांचा अर्ज त्यांतच आहे. वडील गेले, अर्ज आईच्या नावावर झाला. आता सांगतात, मुंबईत जागा नाही, शेलू-वांगणीला घ्या. जागा होती हो! ६०० एकर होती.

मावशींना उत्तर

तर मावशी, इमारती उठूनही भाव का पडत नाही, ते ऐका. कापड गोदामात पडलं तर मालकाला झोप लागत नाही. माल जुना होतो, व्याज चढतं. पैसेवाल्यानं घेऊन ठेवलेल्या घराला कुलूप असलं तरी त्याला शांत झोप लागते, कारण रात्रीत भाव वाढलेला असतो. बिल्डरचंही तेच. गिऱ्हाईक आटलं की तो भाव उतरवण्याच्या आधी पुढचं काम थांबवतो. आणि तो बांधतो कुणासाठी? ज्याला पैसे देता येतात त्याच्यासाठी. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी नाही.

सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञांनीच २०१२ साली हिशेब मांडला. देशातल्या शहरांत १ कोटी ८८ लाखांच्या आसपास घरांची तूट, आणि त्यातली ९५ टक्क्यांच्या वर तूट गरीब आणि कमी पगाराच्या लोकांची. आणि २०११ च्या शिरगणतीत शहरांत रिकामी घरं किती? १ कोटी १० लाखांवर. एकट्या मुंबईत पावणेपाच लाखांवर. म्हणजे ताट वाढलेलं आहे आणि पंगतही उपाशी आहे. मध्ये भाव उभा आहे.

आपल्या दारात

हे सगळं रडगाणं झालं असं म्हणाल. तसं नाही. उपाय आपल्याच सोलापुरात झाला आहे.

शहराबाहेर कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायांनी सहकारी संस्था काढली. कॉम्रेड आडम मास्तर पुढं होते. आधी जमीन संस्थेच्या नावावर केली, ती माळरान होती तेव्हा. मग भांडून केंद्राचा एक वाटा, राज्याचा एक वाटा आणि बाईच्या मजुरीतला एक वाटा, असं १० हजार घरांचं गोदूताई परुळेकर नगर उठलं. २००६ साली घरं ताब्यात आली. पुढं तिथंच रे नगरची ३० हजार घरांची योजना झाली. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणारे, ड्रायव्हर, सगळ्यांसाठी. त्यातली पहिली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. कामाला शहरात यायचं तर रोजचा गाडीखर्च आहे. वरळीच्या चाळींचा धडा इथंही लागू आहे. पण चंद्रमौळी झोपडीत विड्या वळणारी बाई आज स्वतःच्या उंबऱ्यावर बसते, हे कुणाला नाकारता येणार नाही.

आपलं मागणं

म्हणून बंधू-भगिनींनो, आपलं मागणं साधं आहे.

१. बंद गिरणीची आणि सरकारी मालकीची जमीन लिलावात काढू नये. कामगारांच्या घरांचा हिस्सा परवानगीच्या आधी कागदावर यावा.

२. चटईक्षेत्र वाढवून द्याल तिथं वाढीतला वाटा घरांच्या रूपानं घ्या.

३. नगरपालिकांनी भाड्याच्या खोल्या बांधाव्यात. भाडं पगाराला पेलणारं असावं, आणि डागडुजी भागेल इतकंही असावं.

४. कुलूप लावून ठेवलेल्या घरांवर कर बसवावा.

५. घर द्याल तिथं कामाला जायची बसही द्या.

आणि एक मागणं तुमच्याकडं. आपल्या शहराच्या कडेला माळावर खांब रोवले जाताहेत, प्लॉट पाडले जाताहेत. आज ती जमीन आपल्या आवाक्याच्या थोडीच बाहेर आहे. दहा वर्षांनी तिकडं बघताही येणार नाही. पगाराच्या दिवशी थोडं थोडं बाजूला टाका, संस्थेत नाव नोंदवा, आणि नंबर लागला तर तो दलालाला विकू नका. माझ्या वडिलांना खोली विकावी लागली तेव्हा घरात दाणा नव्हता. ती वेळ पुन्हा आपल्या कुणावर येऊ नये, म्हणून तर संघटना आहे.

घर पाहावं बांधून, असं जुने लोक सांगून गेले. आपण गेली दीडशे वर्षं लोकांची घरं बांधून पाहिली. आता आपली बांधून पाहू. त्याआधी त्यांच्याखालची जमीन धरू.

कामगार एकजुटीचा विजय असो!